वाचनालयात बसून पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झाली. बरोबरच्या मुली पुण्यात नोकरीला लागल्या. ही मात्र सहा महिने गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक मोबाइलवर स्कॅन करत बसते, घरी आली की सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. आता बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करायचं म्हणते. तिची समजूत कशी घालावी? – एक आई, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, नमस्कार. समजूत घालण्याआधी एक दुपार तिच्या शेजारी बसा. जुना अंक सपाट उघडला तर शिवण सुटते, म्हणून तो अर्धवट उघडून, दोन्ही बाजूंनी दिवे लावून, वरून फोटो घ्यावा लागतो. मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर मग ‘सूर्य’चा ‘सूय’ करतं. जुन्या खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरठशांच्या) छपाईत रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. ओळ न् ओळ मराठी येणाऱ्या माणसानेच तपासायची. त्यावर लेखक, साल, छापखाना, विषय अशी नोंद हवी; नाहीतर नुसता फायलींचा ढीग. ही नोंद शिस्तीने कशी करायची, ते बी.लिब.मध्ये शिकवतात. कॉम्प्युटर तिला येतोच.

ही निव्वळ हौस वाटत असेल तर न्यूझीलंडमधल्या लेव्हिन या छोट्या गावाकडे पाहा. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची जुनी संगणक प्रणाली २००० सालात चालेल याची खात्री नव्हती; जुन्या प्रणाली साल दोनच आकड्यांत लिहीत, ‘००’ म्हणजे कोणतं साल हे त्यांना कळेना. त्यांनी ‘कोहा’ नावाची नवी बनवून घेतली आणि सगळ्यांसाठी मोफत खुली केली. आज आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत पुस्तकांची देवघेव तिच्यावर चालते. पुढे त्याच वाचनालयाने ‘केटे’ नावाचं संकेतस्थळ काढलं. माओरीत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, केटे म्हणजे टोपली. गावकरी आपले फोटो, आठवणी, गावाचा इतिहास त्या टोपलीत स्वतः टाकू लागले. आपल्याकडेही ठाण्याच्या १८९३ सालच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने दुर्मीळ पुस्तकं स्कॅन केली आहेत, पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं. आणि ओव्या? ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा केवढा मोठा संग्रह आहे, तो सासूबाईंना दाखवाच.

आता पैशाचं. इथे मी तुमच्या बाजूचा आहे. गावच्या अनुदानित वाचनालयाच्या पगारावर संसार होत नाही. सरकार वाचनालयांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग पाडतं; वरच्या ‘अ’ वर्गातल्या सेवकांचीही ओढाताण असते, ‘ड’ वर्गाचं तर बोलायलाच नको. त्यामुळे नोकरी तिथेच हवी, हा हट्ट तिने धरू नये. कॉलेज-विद्यापीठांची ग्रंथालयं, संशोधन संस्था, वर्तमानपत्रांचे संदर्भ विभाग, डिजिटायझेशनची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्या, इथे प्रोग्रॅमिंग आणि मराठी नोंदी दोन्ही जमणारं माणूस सहसा मिळत नाही. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागेल. बी.लिब. एका वर्षाचं आहे. इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून होतं. माझं मत विचाराल तर तिने पुण्यात नोकरी धरावी आणि बी.लिब.ही करावं. सहा महिने बिनपगारी झाले, तेवढे पुरेत.

तिला एक विचारा : स्कॅन केलेले अंक नेटवर टाकलेस का? टाकले असतील तर आधी तिथून काढायला सांगा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. १९६० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून खुलं झालं. दिवाळी अंकात पंचवीस लेखक, म्हणजे पंचवीस हिशेब. जे खुलं आहे ते तिने मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मोफत ग्रंथसंग्रहावर, चढवावं. तिथे कोणी काय दुरुस्त केलं याची नावानिशी नोंद राहते, मुलाखतीत तीच दाखवता येते. बाकीचं वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर राहू दे, वाचक तिथे येऊन पाहतील.

सगळं कपाट स्कॅन करण्यापेक्षा एकच विषय तडीस न्यावा, हेही तिला सांगा. सासूबाईंच्या ओव्या काय वाईट आहेत? त्यांचं नाव, माहेरचं गाव, ओवी कोणाकडून शिकल्या आणि ‘ही लोकांना ऐकवायला माझी हरकत नाही’ हे त्यांच्याच तोंडून सुरुवातीला रेकॉर्ड व्हावं. त्या वेळी पंखा तेवढा बंद ठेवा, नाहीतर ओवीपेक्षा घरघरच जास्त ऐकू येते.