वाचक विचारतात: गाणी माझी, फिल्म माझी, मग सही करू का?

प्रश्न: दादा नमस्कार, मी साताऱ्याजवळचा, वय २९. सेव्हिंग आणि मित्रांचे पैसे घालून एक मराठी फिल्म केली, शूटिंग झालंय. पाचही गाणी मीच लिहिलीत, चाली मित्राच्या. आता एक म्युझिक कंपनी दोन लाख एकरकमी देतेय, कागदावर "सगळे हक्क कायमचे" असं आहे. एडिटिंगला पैसे हवेतच. सही करू का?

उत्तर: आत्ता लगेच नको. पैशाची नड मला कळते रे, काम अडकलं की माणूस कुठल्याही कागदावर सही करतो, मीही केलीये, चार गाणी, चहा पिता पिता, आणि त्यातलं एक आजही वरातीत बँडवर वाजतं तेव्हा पोटात कालवतं, कारण त्या कागदाची झेरॉक्ससुद्धा माझ्याकडे नाही.

तुझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकच धरून चाललायस. प्रोड्यूसर म्हणून फिल्म आणि गाण्यांचं रेकॉर्डिंग तुझं, गीतकार म्हणून शब्द तुझे. रेकॉर्डिंग दे की कंपनीला, धंदा आहे तो. पण २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी पोटतिडकीने बोलले होते, आणि तेव्हापासून थिएटरात फिल्म दाखवणं सोडून बाकी सगळ्या वापरातला रॉयल्टीचा, हक्क घेणाऱ्या कंपनीइतकाच, समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडताच येत नाही. लिहून दिलास तरी ते टिकत नाही. वारसांना देता येतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला, बस. म्हणून तू आणि मित्र दोघंही आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचे, मेंबर व्हा आणि पाचही गाणी तिथे नोंदवा, नाहीतर हक्क असून पैसे यायचे नाहीत.

"कायमचे" हा शब्द खोडायला लाव, तिथे वर्षं लिहून घे. करारात मुदत नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो आणि कुठे वापरायचं ते नसेल तर फक्त भारत, म्हणून तर कंपन्या हे दोन शब्द कधी विसरत नाहीत.

आता दादा कोंडक्यांचं बघ. १९७१ ला 'सोंगाड्या' स्वतः काढला, पुढे प्रोड्यूसर, हिरो आणि कितीतरी गाण्यांचे गीतकारही तेच. 'ढगाला लागली कळ' १९७८ चं, २०१९ ला हिंदी 'ड्रीम गर्ल'साठी परत नव्याने केलं, म्हणजे ४१ वर्षांनी! १९७८ च्या त्या मूळ फिल्मचा कॉपीराइट २०३८ अखेरपर्यंत, पण दादा गेले १९९८ ला आणि शब्दांचा कॉपीराइट गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे थेट २०५८. ते हक्क कोणाकडे हा मुद्दा वेगळा, मी फक्त आयुष्य सांगतोय, फिल्मपेक्षा शब्द वीस वर्षं जास्त जगतात आणि तू तेच दोन लाखात कायमचे द्यायला निघालायस.

दोन लाख ॲडव्हान्स म्हणून माग, रॉयल्टीचं कलम वेगळं लिहून घे. नाहीच म्हणाले तर पाचातली दोन गाणी दे, तेवढ्यात एडिटिंग सुरू तरी होईल, बाकी तीन फिल्म लागेपर्यंत हातात ठेव. आणि मित्राशी आजच बोल, चाल त्याची आहे, त्याच्या लेखी सहीशिवाय तुला ती कुणाला देताच येत नाही.