छतात बसवलेले स्पीकर कुणाचे?

प्रश्न : तीन वर्षांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर मी एका फ्लॅटमध्ये राहतो. हॉलमध्ये मालकांनी केलेलं जिप्समचं फॉल्स सीलिंग आधीपासून होतं. राहायला आल्यावर काही महिन्यांनी मी त्या सीलिंगमध्ये चार आणि टीव्हीमागच्या जिप्समच्या भिंतीत दोन स्पीकर बसवून घेतले. आधी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं. त्यांचं उत्तर होतं, 'हो, करा. घराचं नुकसान होऊ देऊ नका.' काम झाल्यावर ते स्वतः येऊन पाहूनही गेले. काही वायरी विटांच्या भिंतीत झिरी मारून नेल्या आहेत. आता पुढच्या महिन्यात कराराची मुदत संपते. मालक म्हणतात, भिंतीत आणि छतात जे गेलं ते घराचं झालं. काढलंत तर चोरीची तक्रार करीन आणि डिपॉझिट देणार नाही. नव्या भाड्याच्या घरातही मला हेच स्पीकर बसवायचे आहेत. मी काय करावं?

उत्तर : स्पीकर तुमचे आहेत आणि ते तुम्ही काढून नेऊ शकता. ते काढल्यावर छताला राहणारी भोकंही तुमचीच आहेत, म्हणजे ती बुजवून, रंग देऊन घर पूर्वीसारखं करून देणं तुमच्याकडे येतं. अशा वादांत भाडेकरू यातलं पहिलं वाक्य धरून बसतो आणि मालक दुसरं. तुम्ही दोन्ही एकदम मान्य करा. तुमची बाजू त्यानेच भक्कम होईल.

मालकांच्या म्हणण्यामागे एक जुनं तत्त्व आहे : जमिनीला जे जोडलं ते जमिनीचं. आपल्याकडच्या कायद्याने ते इतक्या सरसकटपणे स्वीकारलेलं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ३ मध्ये 'जमिनीला जोडलेलं' कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. झाडांसारखं रुजलेलं, भिंती-इमारतींसारखं रोवलेलं, आणि तिसरं म्हणजे अशा रोवलेल्या गोष्टीच्या कायमच्या उपभोगासाठी तिला जोडलेलं. तुमचा वाद या तिसऱ्या प्रकारात येतो. खिडकीची चौकट घराच्या उपभोगासाठी असते. ती काढली तर घर अपुरं होतं. स्पीकर काढला तर घर अपुरं होत नाही. तो घरासाठी नव्हे, तुमच्या ऐकण्यासाठी बसवला होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये 'सॉलिड अँड करेक्ट इंजिनिअरिंग वर्क्स' या प्रकरणात हाच मुद्दा तपासला. प्रश्न उत्पादन शुल्काचा होता आणि वस्तू होती डांबर मिसळण्याचं यंत्र, जे पायावर नट-बोल्टने घट्ट बसवलेलं होतं. न्यायालयाने म्हटलं, यंत्र चालताना हलू नये म्हणून ते बसवलं होतं. ते कायमचं जमिनीचं व्हावं असा हेतू नव्हता, म्हणून ते स्थावर ठरत नाही. वस्तू कशी जोडली आहे आणि कशासाठी जोडली आहे, या दोन प्रश्नांवर निर्णय झाला. तुमच्या बाबतीत दोन्ही उत्तरं तुमच्या बाजूची आहेत.

'कशी जोडली' हे तुम्हाला दाखवून द्यावं लागेल, म्हणून ते नीट समजून घ्या. सीलिंगमधला स्पीकर सिमेंटने किंवा गोंदाने चिकटवलेला नसतो. त्याच्या कडेला तीन-चार पकडी असतात. समोरून स्क्रू फिरवला की पकड बाहेर वळते आणि मागून जिप्सम बोर्डला आवळते. बोर्ड स्पीकरची कड आणि पकड यांच्यामध्ये धरला जातो. वरची जाळी अनेकदा नुसत्या चुंबकावर बसते. काढताना हेच उलट करायचं : जाळी ओढायची, स्क्रू उलटे फिरवायचे, पकडी आत वळतात आणि स्पीकर अलगद खाली येतो. भिंतीतल्या स्पीकरचंही असंच. हे काम ज्याने बसवलं त्याच कारागिराकडून करून घ्या आणि एका स्पीकरचा पूर्ण व्हिडिओ काढा. छत न फोडता वस्तू सुटते, हे त्या व्हिडिओइतकं स्पष्ट माझा कुठलाही युक्तिवाद दाखवू शकणार नाही.

आता कराराकडे येऊ. तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार भाडेपट्टा नसून परवाना आहे, म्हणजे जागा वापरण्याची नुसती परवानगी. कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नव्हे, परवानाधारक. भाडेपट्ट्याने राहणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ (ह) खाली, जागा ताब्यात असेपर्यंत स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात. अट एवढीच की जागा मिळाली होती त्या स्थितीत सोडायची. परवानाधारकाला ते कलम थेट लागू होत नाही. तुमच्यासाठी भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ आहे. त्याच्या कलम ६२ नुसार मुदत संपली की परवाना रद्द झाला असं मानलं जातं, आणि कलम ६३ नुसार परवाना रद्द झाल्यावर जागा सोडण्यासाठी, तसंच जागेत ठेवू दिलेला माल काढून नेण्यासाठी परवानाधारकाला वाजवी वेळ मिळतो. 'ठेवू दिलेला' असं कलमात आहे, म्हणून मालकांचा तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवा.

याच कायद्यात एक मोह आहे आणि त्यापासून दूर राहा असं मी तुम्हाला कळकळीने सांगतो. परवानाधारकाने परवान्याच्या भरवशावर कायमस्वरूपी काम करून खर्च केला असेल तर परवाना मालकाला रद्द करता येत नाही, असं कलम ६० म्हणतं. कुणीतरी तुम्हाला सुचवेल की एवढा खर्च केलाय तर हे कलम लावा आणि घरच सोडू नका. तसं केलंत तर 'माझं काम कायमस्वरूपी आहे' हे तुमच्याच सहीने कोर्टात जाईल, आणि स्पीकर घराचे झाले हे मालकांचं म्हणणं तुम्हीच सिद्ध कराल. शिवाय मुदतीनंतर राहणाऱ्या परवानाधारकाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ लागू होतं : ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई. स्पीकरसाठी घर अडवून धरू नका. मुदतीच्या दिवशी घर सोडा आणि स्पीकर त्याआधी काढा.

याच भाडे नियंत्रण कायद्यात तुमच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केल्यास भाडेकरूला घराबाहेर काढता येतं, असं कलम १६ (१) (ब) मध्ये आहे. त्याखालच्या स्पष्टीकरणात मात्र लाकडी पार्टिशन, एअर कंडिशनर बसवणं आणि चक्क फॉल्स सीलिंग ही कामं, जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी घेऊन केली असतील तर, 'कायमस्वरूपी बांधकाम' या संज्ञेतून वगळली आहेत. हे स्पष्टीकरण भाडेकरूंसाठी आहे, परवानाधारकांसाठी नाही. तरी विधिमंडळाने ज्या अर्थी फॉल्स सीलिंगलाच कायमस्वरूपी मानलेलं नाही, त्या अर्थी त्याला पकडीने लटकणारा स्पीकर कायमस्वरूपी कसा, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

तुमची बाजू कुठे लंगडी आहे तेही ऐका. विटांच्या भिंतीत झिरी मारून, वर प्लास्टर करून ज्या वायरी नेल्या, त्या विसरा. त्या काढायच्या तर भिंत फोडावी लागेल, म्हणजे 'घराचं नुकसान होऊ देऊ नका' ही अट मोडेल. पाइपमधून गेलेली वायर ओढून निघत असेल तर काढा, नाहीतर दोन्ही टोकं झाकून कोरी पट्टी बसवा. सबवूफरसाठी वेगळा विजेचा पॉइंट काढला असेल तर तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून तसाच राहू द्या. स्पीकर खाली पडू नये म्हणून वरच्या स्लॅबला अँकर फास्टनर मारून तार बांधली असेल, तर स्लॅबला भोक पाडलं हा मुद्दा मालक आणि सोसायटी दोघंही काढू शकतात. कारागिराला विचारून घ्या आणि असेल तर तुम्ही स्वतःच आधी सांगा. लपवलेली गोष्ट नंतर सापडली की बाकीचं खरंही कुणी मानत नाही.

भोकं लहान नसतात. साडेसहा इंची स्पीकरसाठी बोर्ड साधारण आठ-नऊ इंच गोल कापलेला असतो. नुसती पुट्टी भरली तर ती टिकणार नाही. मागून आधाराची पट्टी देऊन, तेवढ्याच जाडीचा जिप्समचा तुकडा बसवून, सांध्यावर टेप आणि कंपाउंड लावून, घासून मग रंग द्यावा लागतो. रंग फक्त ठिगळाला देऊ नका. छटा वेगळी दिसते आणि भांडण पुन्हा सुरू होतं. हॉलचं सगळं सीलिंग रंगवून द्या. हा खर्च जड वाटेल, पण डिपॉझिटमधून कापण्यासाठी मालकांच्या हातात असलेलं एकमेव खरं कारण त्याने निघून जातं.

डिपॉझिटचं म्हणाल तर ते अडकवून धरण्याचा मालकांना सरसकट अधिकार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये 'कैलाश नाथ असोसिएट्स' प्रकरणात सांगितलं की नुकसान झालेलं असणं ही भरपाईची पहिली अट आहे. नुकसानच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही. दुरुस्तीचा खरा खर्च झाला तर तो कापता येईल, पण त्याची पावती त्यांनी दाखवायला हवी. 'तुम्ही स्पीकर नेलेत' हे नुकसान होत नाही.

चोरीच्या धमकीने झोप घालवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरी होण्यासाठी जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने न्यावी लागते. स्पीकर आज तुमच्या ताब्यात आहेत, बिल तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही ते स्वतःचे समजून उघडपणे काढत आहात. फक्त खरोखर उघडपणे काढा. रात्रीतून, न सांगता काढलेत तर प्रामाणिक हेतू सिद्ध करण्याचं ओझं विनाकारण अंगावर घ्याल. एकदा चावी दिली की मात्र घराचा ताबा मालकांचा. नंतर आत जाऊन काहीही काढू नका.

करारात 'लेखी संमतीशिवाय बदल करू नयेत' असं कलम बहुधा असेलच. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश हे लेखी आहे का, असं मालकांचे वकील विचारतील. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ नुसार कायद्याला जिथे लेखी स्वरूप हवं आहे तिथे इलेक्ट्रॉनिक नोंद चालते. करारातल्या अटीलाही तोच न्याय लावा, असं आपण म्हणू. शिवाय मालक येऊन काम पाहून गेले आणि त्यानंतर इतके महिने शुल्क घेत राहिले, हे वर्तन संमतीचंच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा संदेश कोर्टात द्यायचा तर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. मूळ फोन बदलू नका, संभाषण पुसू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

आता कामाला लागा. या आठवड्यात मालकांना सौम्य भाषेत पत्र द्या, ईमेलवर आणि पोचपावतीसह टपालाने. त्यात स्पीकरची यादी मॉडेल व सिरियल नंबरसह द्या, ते काढण्याची तारीख-वेळ कळवा, त्या वेळी हजर राहण्याची विनंती करा आणि दुरुस्ती व रंग स्वखर्चाने करून देण्याचं लिहून द्या. सोबत दुसरा पर्यायही ठेवा : स्पीकर घरातच हवे असतील तर वापरलेल्या मालाच्या वाजवी किमतीला त्यांनी विकत घ्यावेत. मालकांना अनेकदा वस्तू नको असते, छताला ठिगळ नको असतं. तिथे वाद एका बैठकीत मिटतो. तसं झालं तर त्या रकमेची पावती वेगळी करा, डिपॉझिटच्या हिशेबात मिसळू नका. सौदा नाही झाला तर ठरल्या दिवशी काढा, दुरुस्ती करा, प्रत्येक खोलीचे फोटो घ्या आणि चावी देताना दोघांच्या सहीचा ताबापत्राचा कागद करा. मालकांनी सही नाकारली तर त्याच दिवशी ईमेलने फोटो पाठवा.

तरीही डिपॉझिट आलं नाही तर नोटीस आणि मग दिवाणी दावा. त्याला तीन वर्षांची मुदत असते. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा असं मी सुचवेन. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील होत नाही.

नव्या घरासाठी काम काढण्याआधी दोन गोष्टी करा. स्लॅबला किंवा सामाईक भिंतीला हात लागणार असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीत स्पीकर बसवूच नका : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. वायरी प्लास्टरमध्ये थेट गाडण्याऐवजी पाइपमधून न्या, आणि बोर्ड बंद होण्याआधी सगळ्या मार्गांचे फोटो काढून मालकांना पाठवा.

नव्या करारात नोंदणीआधीच हे कलम घाला : 'परवानाधारकाने जोडपत्रात नमूद केलेले स्पीकर, त्यांच्या चौकटी व अ‍ॅम्प्लिफायर ही परवानाधारकाची जंगम मालमत्ता आहे व राहील. मालकाची ते छतात व जिप्समच्या भिंतीत बसवण्यास संमती आहे. ताबा परत देण्यापूर्वी परवानाधारक ते काढून नेईल आणि त्यामुळे पडलेली छिद्रे स्वखर्चाने बुजवून व रंगवून देईल. भिंतीत गाडलेली वायर व पाइप काढले जाणार नाहीत व त्यांचा मोबदला मागितला जाणार नाही.' जोडपत्रात प्रत्येक स्पीकरचा सिरियल नंबर आणि तो कुठे बसणार त्याचा साधा नकाशा जोडा, आणि नकाशावर दोघांच्या सह्या घ्या.