हळद लाल का होते आणि साच्यातली नक्षी का तुटते

ताईंचा प्रश्न लांबलचक आहे, त्याचं सार असं. नाशिकच्या इंदिरानगरला राहतात, साबण पहिल्यांदाच केले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून साठ नग द्यायचेत. हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा असा बेत होता. हळद टाकताक्षणी लालभडक झाली, बीट दोन दिवसांत चहाच्या रंगावर गेलं, आणि जाळीच्या नक्षीचा साचा उघडला तर निम्मी नक्षी साच्यातच राहिली. "माझं काय चुकलं?"

फारसं काही नाही. नैसर्गिक रंग म्हटलं की आपण स्वयंपाकघरातला रंग डोळ्यापुढे आणतो, आणि साबण हा पदार्थ मुळात क्षारी डोक्याचा आहे. साबण ज्यानं बनतो त्या कॉस्टिक सोड्याच्या संगतीत कुठला रंग काय होईल हे आधी माहीत असलं की निम्मी डोकेदुखी संपते. मी दहाएक वर्षं घरच्या ओट्यावर साबण करतेय आणि माझ्याही पहिल्या वर्षीचे सगळे साबण मातकट होते.

हळदीचं आधी. वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण सगळ्याच जणी बघत आलोय. जुन्या पद्धतीचं कुंकूसुद्धा हळदीला चुन्यासारखा क्षार देऊनच लाल करतात. तुमच्या पातेल्यात तेच झालं, म्हणजे हळदीकुंकवाच्या साबणात हळदीचं कुंकू झालं. घाबरू नका. साबण मुरत जातो तसा त्यातला तिखटपणा उतरतो आणि लाल रंग मागे सरून आंबापोळीसारखा केशरी-पिवळा होतो. लिंबू-पिवळा मात्र कधीच मिळणार नाही. ५०० ग्रॅम तेलाला पाव चमचा हळद पुरे. अर्ध्या चमच्याच्या वर गेलात तर फेस पिवळा येईल आणि पाहुण्यांचे पांढरे टॉवेल रंगतील. उन्हात हा रंग विटतो, म्हणून मुरायला ठेवताना खिडकी टाळा.

बीट, जास्वंद, गोकर्ण, जांभूळ यांचा नाद सोडा. बिटाचा रंग क्षारात तुटतो आणि तपकिरी होतो. जास्वंद-गोकर्णाचे रंग क्षार लागला की हिरवट होऊन मग मळकट पडतात. मी एकदा हौसेनं आपल्या काळ्या द्राक्षांचा रस घातला होता. नाशिकची द्राक्षं, म्हटलं वाइनसारखा साबण होईल. झाला शेवाळी. वर रसातल्या साखरेनं मिश्रण इतकं तापलं की साच्यातून फुगून बाहेर आलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा खाल्ली असती."

मग टिकतं काय? गुलाबीसाठी मंजिष्ठा. एक सपाट चमचा पूड थोड्या तेलात कालवून घाला, मळकट गुलाबी ते डाळिंबी छटा येते. जांभळ्यासाठी रतनजोत. तिची साल तेलात दोन-तीन आठवडे भिजत ठेवून गाळायची. तेल लालबुंद दिसतं आणि लाय (म्हणजे पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा) पडली की जांभळ्याकडे वळतं, ते बघायला मला अजून मजा येते. या दोन्ही वस्तू काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. निळ्यासाठी नीळ, पण इथे दोन वेळा फसायला होतं. कपड्यांची नीळ वेगळी, ती नको. मेंदीबरोबर केसांना लावायला मिळते ती नुसती पाल्याची पूड असते, तिनं हिरवट-राखाडी रंग येतो. आपल्याला पाला कुजवून काढलेली गडद निळी नीळ हवी, तीही पाव चमचा, लायमध्येच विरघळवायची. काळ्यासाठी सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचा कोळसा, तपकिरीसाठी कोको, विटकरीसाठी त्याच दर्जाची लाल माती. रांगोळीच्या दुकानातला गेरू नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. शेंदूर तर अजिबात नको, त्यात शिसं असतं.

हिरव्याचं मी तुम्हाला खोटं आश्वासन देणार नाही. पालक आणि कडुनिंब दोन्ही सुरुवातीला सुंदर दिसतात आणि महिन्याभरात खाकी होतात. वाणाला खाकी चालत असेल तर करा, नाहीतर हिरवा सोडून द्या. पिवळा, डाळिंबी, निळा आणि पांढरा एवढे चार रंग साठ साबणांना भरपूर झाले.

आता नक्षी. ती तुटते कारण साबण मऊ असताना उपटला जातो. तुम्ही ऑलिव्ह तेल जास्त घेतलंय, तो साबण घट्ट व्हायला फार वेळ लावतो. नक्षीसाठी माझं मिश्रण हे: खोबरेल १७५ ग्रॅम, राइस ब्रॅन २२५, कोकमाचं तेल ७५, एरंडेल २५. एकूण ५००. त्याला कॉस्टिक सोडा ७१ ग्रॅम आणि पाणी १४२ ग्रॅम. यात साधारण ५ टक्के तेल मोकळं राहतं, तेवढं त्वचेला लागतं. तरीही कुठल्याही साबण-कॅल्क्युलेटरवर आकडे एकदा तपासा आणि सगळं, पाणीसुद्धा, वजनावरच घ्या. वाटी-चमच्याचं माप कॉस्टिकला चालत नाही. पाण्यात आधी अर्धा चमचा मीठ विरघळवलंत तर वडी लवकर टणक होते. यात सुमारे ७०० ग्रॅम माल निघतो. पन्नास ग्रॅमचे नग धरले तर चौदा. म्हणजे साठासाठी पाच घाणे, एखादा बिघडला तरी हरकत नाही.

कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. खिडकी उघडी, चष्मा आणि हातमोजे घातलेले, पोरं आणि मांजर दाराबाहेर. हातावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, नळाखाली भरपूर वेळ हात धरा. पातेलं स्टीलचंच. भांडी बाजारातून एक वेगळं आणा आणि त्यावर खूण करून ठेवा, म्हणजे पाहुणे आले की कोणी त्यात चहा टाकणार नाही.

ॲल्युमिनियमला लाय चालत नाही हे मला माहीत होतं, तरी मोदकाचा साचा ॲल्युमिनियमचा असतो हे त्या दिवशी डोक्यात आलं नाही. गणपती जवळ आले होते, म्हटलं मोदकाच्या आकाराचे साबण करू. साचा भरला आणि दोन मिनिटांत आतून सुर्र आवाज यायला लागला. मिश्रण बुडबुड्यांनी फुगलं, राखाडी पडलं, साचा गरम झाला. कॉस्टिक ॲल्युमिनियम खात होतं आणि हायड्रोजन वायू बाहेर पडत होता. शेगडी बंद होती हे नशीब. साच्याला आतून देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. तेव्हा घरात करंजी-मोदकाचे साचे असतील तर त्यांना हात लावू नका, आणि मोदक हवेच असतील तर सिलिकॉनचे घ्या.

नाशिकच्या थंडीत अजून एक गंमत होते. डिसेंबरात सकाळी खोबरेल बाटलीत दगड झालेलं असतं, कोकम तर त्याआधीच. तेलं नीट न वितळवता लाय घातलीत तर मिश्रण लगेच दाट होतं आणि वाटतं झालं, ओता. तो दाटपणा साबणाचा नसतो, गोठलेल्या तेलाचा असतो. साच्यात तो पुन्हा पातळ होतो आणि लाय वेगळी राहते. तेल आणि लाय दोन्ही ४० ते ४५ अंशांवर असताना एकत्र करा. ब्लेंडर थोडा वेळ चालवा, थोडा वेळ नुसतं हलवा. नक्षीच्या साच्याला मिश्रण कढीइतकं पातळ हवं. पिठल्यासारखं झालं की ते कोपऱ्यात शिरत नाही आणि नक्षीत हवेची भोकं राहतात. लवंग-दालचिनीचं तेल सुगंधाला घालू नका, त्यानं मिश्रण बघता बघता थिजतं आणि त्वचेलाही ते झोंबतं. लव्हेंडर किंवा गवती चहा बरा.

ओतण्याआधी थोडं मिश्रण जुन्या मऊ ब्रशनं नक्षीच्या खाचांत फासून घ्या, मग वरून भरा. साचा ओट्यावर आठ-दहा वेळा आपटा. नक्षी वेगळ्या रंगात हवी असेल तर मेंदीचा कोन वापरा. रंगीत मिश्रण कोनात भरून फक्त फुलाच्या पाकळ्या भरायच्या, बाहेर आलेलं कार्डानं खरवडायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग पांढरं मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं. थेट वरून ओतलंत तर पाकळ्या वाहून जातील. मेंदी काढता येणाऱ्या पोरी या कामात आपल्याला कधीच मागे टाकतात, शेजारची एखादी पकडा.

साचे झाकून टॉवेलात गुंडाळा. थंडीत तीन दिवस उघडू नका. चौथ्या दिवशी साचा दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग साबण ओढू नका, सिलिकॉन मागे सोला, केळं सोलतो तसं. बाहेर आल्यावर वडीला घाम येतो. तो वाळेपर्यंत बोट लावलंत तर नक्षीवर तुमचा ठसा कायमचा.

बाजारातल्या साच्यांचा कंटाळा आला असेल तर कापडछपाईचे लाकडी ठसे घ्या, त्यांची नक्षी खोल आणि सुबक असते. त्याचे दोन उपयोग. दोन भाग मळून लावायची सिलिकॉनची पुटी ठशावर दाबली की साचा तयार होतो आणि साबणावर नक्षी उठून येते. किंवा एक-दोन दिवसांच्या वडीवर ठसा थेट दाबायचा, मग नक्षी आत जाते. वडी अंगठ्यानं दाबून बघा. पनीरसारखी चिकटली तर आज नको. थंड खव्यासारखी दाबली गेली आणि अंगठा कोरडा सुटला तर हीच वेळ. ठशाला तेलाचं बोट लावा. अक्षरांचं मात्र ध्यानात ठेवा: ठशावर अक्षर उलटं कोरलेलं असतं. थेट दाबलंत तर सुलटं उमटतं, पण त्या ठशाचा साचा करून साबण ओतलात तर अक्षर पुन्हा उलटंच येतं. मी एका बारशाला पंचवीस साबण बाळाचं नाव उलटं घालून दिले आहेत. आणि देवाचं चित्र किंवा "श्री" नकोच, न्हाणीघरात ते घासून झिजवायला कोणालाच बरं वाटत नाही. कमळ, कोयरी, तुळशीवृंदावन चालेल.

राहिला वेळेचा प्रश्न. पी हळद आणि हो गोरी असं साबणात होत नाही, मुरायला चार आठवडे किमान, सहा झाले तर उत्तम. संक्रांत १४ जानेवारीला धरली तर शेवटचा घाणा १० डिसेंबरच्या आत पडायला हवा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेव्हा तुमचं मागे ढकलता आलं तर ढकला. तेही जमत नसेल तर वितळवून ओतायचा तयार बेस आणा. त्यात लायची भानगड नाही, ५० अंशांच्या आसपास ओतला तर पूड तळाशी बसत नाही, साबण त्याच दिवशी तयार. फक्त लगेच गुंडाळा, नाहीतर दमट हवेत त्यावर थेंब धरतात. नक्षी त्यात खूप रेखीव येते, हे मला लाय-भक्त असूनही कबूल करावं लागतं.

खाली कोणीतरी विचारलंय, विकता येतील का. भेट द्यायला हरकत नाही. विकायला बनवायचे असतील तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. वाणाबरोबर घटकांची छोटी चिठ्ठी मात्र द्याच, एखादीला खोबरेल सोसत नाही.

ते लाल झालेले हळदीचे साबण टाकून देऊ नका. कागदावर सुटे मांडून कपाटावर ठेवा आणि महिन्यानं फोटो टाका.