वाचकांचे प्रश्न : फेस जळतो, अस्वल काळवंडतं

प्रश्न : जुलैत अलास्काला, कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रुक्स धबधब्यावर सॅमन पकडणाऱ्या तपकिरी अस्वलांचे फोटो काढायला जातोय. अशा फोटोंत पाणी पांढरंफटक होतं नाहीतर अस्वल काळं पडतं. उपाय?

उत्तर : एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, धबधब्याच्या पांढऱ्या फेसावरून ठरवा. फ्रेममध्ये गडद अस्वल मोठं असलं की ऑटो एक्स्पोजर उजेड वाढवतं आणि फेस जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा होतो. जळलेला फेस रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) परत येत नाही. काळवंडलेले केस बऱ्यापैकी येतात. म्हणून मॅन्युअल मोड, शटर १/२०००, अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा ८. मग हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवी कड म्हणजे पांढरा) उजव्या कडेला टेकणार नाही इतपत आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता. ढग आले-गेले की पुन्हा तपासा.

खरी अडचण फोकसची. उडणाऱ्या माशामागे लेन्स फिरवू नका, फोकस हमखास तुषारांवर अडकतो. धबधब्याच्या काठावर उभं असलेलं अस्वल निवडा, त्याच्या नाकपुडीवर फोकस लॉक करा आणि थांबा. मासा जबड्याजवळ येतो तेव्हा तो जवळपास त्याच अंतरावर असतो. मान ताणली, तोंड उघडू लागलं की बर्स्ट (सलग भराभर फोटो) सुरू. मासा दिसल्यावर बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो.

एडिटिंगमध्ये आधी हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणा, मग फक्त अस्वलाला मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, शॅडोजचा (गडद भागांचा) स्लायडर ३०-४० ने उचला. त्यापुढे ओले केस राखाडी दिसतात, नॉइज (दाणेदारपणा) उघडा पडतो. शार्पनिंग डोळे आणि केसांपुरतंच. फेसावर केलंत तर पाणी वाळूसारखं रवाळ दिसतं.