पवनचक्कीचं पातं थकतं का?

प्रश्न : आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची फायबरची पाती वर्षानुवर्षं फिरताहेत. तारसुद्धा पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. मग पातं २० वर्षं टिकेल हे आधीच कसं कळतं?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पातं थकतं, नक्कीच थकतं. वर जाताना ते स्वतःच्या वजनानं एका कडेकडे वाकतं, खाली येताना दुसऱ्या. म्हणजे दर फेऱ्याला एक हेलकावा. मिनिटाला १५ फेरे धरले तरी २० वर्षांत १५ कोटींच्या वर जातात.

मी कंपोझिटच्या, म्हणजे तंतू आणि त्यांना चिकटवून धरणारं रेझिन यांच्या थरांपासून बनलेल्या साहित्याच्या, चाचण्यांचं काम करते. पात्यात असतात त्याच काचतंतू आणि रेझिनच्या थरांचा वीतभर लांब, २५ मिलिमीटर रुंद तुकडा आधी ओढून तोडायचा, की ताकद कळते. मग तशाच दुसऱ्या तुकड्यांना त्याहून कमी ताण, पण लाखो वेळा द्यायचा. इथे घाई चालत नाही. सेकंदाला ५ हेलकावे दिले तर १० लाख व्हायला सव्वादोन दिवस लागतात. वेग फार वाढवला तर तुकडा आतून तापतो, रेझिन मऊ पडतं आणि निकाल फसवा येतो.

पोलादात बहुधा एखादी चीर पडते आणि तीच वाढत जाते. इथे आधी ताणाला आडव्या असलेल्या तंतूंलगत बारीक चिरा पडतात, अर्धपारदर्शक तुकडा दुधी दिसू लागतो. मग थर सुटतात आणि शेवटी ताणाच्या दिशेतले उभे तंतू तटातट तुटतात. तोवर ताकद बरीच शाबूत असते, ताठपणा मात्र आधीच उतरायला लागलेला असतो. म्हणून माझी नजर ताठपणाच्या आलेखावर असते. एकाच पत्र्यातून कापलेल्या दोन तुकड्यांतही एक दुसऱ्याच्या कितीतरी पट टिकतो. एकाच तुकड्यावरून दिलेला निकाल मी मानत नाही.

शिवाय नव्या रचनेचं अख्खं पातं बुडाशी जखडून तपासतात. आधी एकदा पुरता भार, मग महिनोन्महिने हेलकावे, नंतर पुन्हा भार. हेलकावे नेहमीच्या वाऱ्यातल्यापेक्षा मोठे देतात, म्हणून कोट्यवधींऐवजी लाखो हेलकाव्यांतच २० वर्षांएवढी झीज होते.

वीज पडली, गारा लागल्या किंवा बनवताना आत पोकळी राहिली, तर हे गणित बिघडतं. त्यासाठी दोरावरून उतरून पातं ठोकून पाहतात. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तिथले थर सुटले असण्याची शक्यता असते. मग खराब भाग घासून काढून नवे थर चढवतात.