रॅम मी बसवली, मग सॉकेटच्या पिना कोणी वाकवल्या?

प्रश्न : मी मिरजेत घरीच लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यातल्या एका दुकानातून 82,000 रुपयांना असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीचं पक्कं बिल आहे. रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आणि कॅबिनेट मात्र ‘जीएसटी वाचेल’ म्हणून साध्या चिठ्ठीवर, रोखीनं घेतलं. मदरबोर्डला कंपनीची 3 वर्षांची वॉरंटी आहे. गेल्या नोव्हेंबरात 16 जीबीची आणखी एक रॅम ऑनलाइन मागवली आणि मीच बसवली. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं आणि एक दिवस डिस्प्लेच येईना. अख्खं कॅबिनेट दुकानात नेऊन दिलं. पावती मिळाली नाही, व्हॉट्सॲपवर फक्त ‘मिळालं, चेक करून सांगतो’ असा मेसेज आला. बारा दिवसांनी दुकानदार म्हणतो, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिना वाकल्यात, सर्व्हिस सेंटरनं बोर्ड नाकारला. तुम्ही कॅबिनेट उघडून दुसऱ्या कंपनीची रॅम टाकलीत, स्क्रूवरचं आमचं स्टिकर फाटलंय, वॉरंटी गेली. नवा बोर्ड 14,500 रुपयांना पडेल. घेणार नसाल तर 2,000 रुपये चेकिंग चार्ज भरा, मगच कॅबिनेट मिळेल. एसएसडीत चार लग्नांचं शूटिंग अडकलंय. मी रॅम बसवली ही माझी चूक धरली जाईल का?

उत्तर : नमस्कार. रॅम बसवली यात तुमची कायदेशीर चूक काही नाही. तुमच्या बाजूचा खरा कच्चा दुवा वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो. आधी शूटिंग.

चार लग्नांची माणसं तुमच्या दाराशी येणार आहेत, दुकानदाराच्या नाही. म्हणून 2,000 रुपयांवरून अडून बसू नका. करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार ज्यानं वस्तूवर श्रम किंवा कसब खर्चून काम केलं, त्याला देय मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. चेकिंगचे पैसे लागतील हे तुम्हाला आधी सांगितलंच नव्हतं, वॉरंटीतल्या तपासणीला पैसे कसले, असा वाद घालता येईल आणि तो तुम्ही जिंकालही. पण तो जिंकेपर्यंत लग्नं झालेल्यांच्या घरी बारसं होईल. पैसे यूपीआयनंच भरा आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहा : ‘ही रक्कम मला मान्य नाही, वस्तू सोडवून घेण्यासाठी हक्क राखून भरत आहे.’ ती पुढे ग्राहक आयोगातल्या तक्रारीत परत मागता येते. पैसे घेऊनही त्यानं कॅबिनेट दिलं नाही, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताची तक्रार करण्याचा विचार करू. आज पोलीस ठाण्यात गेलात तर ‘हा दिवाणी वाद आहे’ असं सांगून परत पाठवतील, आणि ते चूकही म्हणता येणार नाही.

कॅबिनेट ताब्यात घेताना दुकानातच व्हिडिओ काढा. बोर्ड, सॉकेट, दोन्ही रॅम, एसएसडी, प्रत्येकाचा सीरियल नंबर वाचता येईल इतक्या जवळून. बिलावरचे नंबर जुळतात का, तेही तिथंच पाहा. ‘सुस्थितीत मिळालं’ अशा कागदावर सही करू नका. करायचीच वेळ आली तर सहीच्या वर ‘बोर्ड नादुरुस्त अवस्थेत मिळाला’ असं हातानं लिहा. वाकलेल्या पिना चिमट्यानं सरळ करून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्या पिना तुमचा पुरावा आहेत.

आता पिनांकडे. पिना बोर्डावर आहेत, म्हणजे हे सॉकेट एलजीए प्रकारचं आहे. त्या पिना प्रोसेसरखाली झाकलेल्या असतात. तिथं पोहोचायचं तर कूलर काढावा लागतो, खटका उचलावा लागतो आणि प्रोसेसर बाहेर घ्यावा लागतो. रॅमचे स्लॉट शेजारी असले तरी वेगळे. रॅम दोन्ही बाजूंच्या क्लिपमध्ये सरळ दाबून बसते, तिच्यासाठी प्रोसेसरला हातही लावावा लागत नाही. बोर्डासोबत आलेलं छापील मॅन्युअल शोधा. रॅम कुठल्या स्लॉटमध्ये, कशी बसवायची याची चित्रं त्यात असतात. जे काम ग्राहकानं करायचं म्हणून कंपनी स्वतः चित्रं काढून दाखवते, ते केल्यामुळं वॉरंटी गेली असं तिला म्हणता येत नाही. मॅन्युअलची ती पानं तक्रारीला जोडा. दहा निवाडे जोडण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.

मग पिना वाकल्या कधी? दुकानात जोडणी करताना वाकल्या असतील, तर जोडणाऱ्याची जबाबदारी. ही शक्यता हसण्यावारी नेऊ नका. एकच रॅम असताना बोर्डाचं एकच मेमरी चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली वाट, वापरलं जातं. दुसऱ्या चॅनलच्या पिनेत दोष असेल तर दुसरी रॅम टाकेपर्यंत तो कळणारही नाही. किंवा तपासणीसाठी प्रोसेसर काढताना वाकल्या असतील. तेव्हा बोर्ड दुकानाच्या ताब्यात होता. करार कायद्याच्या कलम 151 प्रमाणे सोपवलेल्या वस्तूची शहाण्या माणसासारखी काळजी घेणं हे सांभाळणाऱ्याचं कर्तव्य, आणि ती घेतली होती हे दाखवायचा भारही त्याच्यावरच. दोन्ही वाटा दुकानाच्याच दारात जातात. तिसरी शक्यता एकच, मिरजेत तुम्ही स्वतः प्रोसेसर काढला होता. काढला नसेल तर तक्रारीसोबतच्या प्रतिज्ञापत्रात तसं स्वच्छ लिहा. काढला असेल, अगदी थर्मल पेस्ट बदलायला म्हणून, तर ते मला किंवा तुम्ही नेमाल त्या वकिलाला आधी सांगा, कारण मग वरचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

बोर्ड सर्व्हिस सेंटरला खरंच गेला होता का, हे मात्र तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. दुकानदार म्हणतो, एवढंच. त्याच्याकडून जॉब नंबर, तारीख आणि नाकारल्याचा लेखी शेरा मागा. सोबत बोर्डाचा सीरियल नंबर देऊन कंपनीच्या ग्राहकसेवेला ई-मेल करा : हा बोर्ड आपल्या केंद्रात कधी आला, कोणी आणला, कोणत्या कारणानं परत केला, आत येताना सॉकेटचे फोटो काढले होते का? केंद्रात माल घेतानाच सॉकेट तपासतात. तेव्हाच पिना वाकलेल्या होत्या अशी नोंद असेल, तर त्या पुण्यातल्या दुकानाच्या टेबलावर किंवा त्याआधी वाकल्या हे कंपनीच्याच कागदावरून सिद्ध होतं. बोर्ड तिथं गेलाच नसेल, तर मग काय, दुकानदाराचं काम तमाम.

स्टिकरबद्दल एक गैरसमज दूर करतो. ‘वॉरंटी व्हॉइड’चं स्टिकर लावणंच बेकायदा आहे असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते अमेरिकेतल्या 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याबद्दल बोलतात. तिथल्या व्यापार आयोगानं 2018 मध्ये काही कंपन्यांना त्यावरून पत्रंही पाठवली होती. आपल्याकडं तसा कायदा नाही. केंद्र सरकारनं 24 डिसेंबर 2022 ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, पण ते माहिती देण्यापुरतं आहे, त्यातून हक्क निर्माण होत नाही. तुमचं स्टिकर दुकानदारानं स्वतःच्या नावाचं कॅबिनेटच्या स्क्रूवर चिकटवलेलं आहे. त्यानं फार तर त्याची स्वतःची सेवेची हमी आटोपती घेता येईल. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली वॉरंटी त्याच्या स्टिकरनं संपत नाही. ही अट अन्यायकारक करार आहे असा मुद्दा मात्र तक्रारीत घालू नका. तसा मुद्दा ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगाकडं असतो, जिल्हा आयोगाकडं नाही, आणि तेवढ्या एका वाक्यावरून समोरचे वकील सहा महिने खातील.

आता कच्चा दुवा. मशीन दुकानात नेण्याआधीच बंद पडलं होतं. पिना दुकानात वाकल्या असं धरलं, तर मूळ बिघाड काय होता? बोर्ड, जुनी रॅम, नवी रॅम की एसएमपीएस? आपोआप रीस्टार्ट यांतल्या कशानंही होऊ शकतं. नवी रॅमच सदोष असेल, तर दुकानदार म्हणेल, तुमचीच वस्तू नडली. म्हणून कॅबिनेट हाती आल्यावर दोन्ही रॅम एखाद्या मित्राच्या, तशीच रॅम चालणाऱ्या मशीनवर एकेक करून मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामनं तपासा आणि स्क्रीनचे फोटो ठेवा. एसएमपीएसही दुसऱ्या बोर्डावर लावून बघता येईल. बोर्डाला मात्र हात लावू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 मध्ये तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय आहे. खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या, मागाहून देऊ नका.

चिठ्ठीवरच्या खरेदीचं काय? पक्कं बिल न देणं ही 2019 च्या कायद्याच्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण जीएसटी वाचवायला तुम्हीही राजी होतात, हे उलटतपासणीत निघेल. लपवू नका. चिठ्ठी जोडा आणि जे घडलं ते दोन ओळींत लिहा. रॅमवर सीरियल नंबर असतोच, आणि बऱ्याच कंपन्या त्यावरून वॉरंटी तपासतात, त्यामुळं जुनी रॅम खराब निघाली तरी सगळं संपलं असं नाही. त्या बाबतीत परतावा मागू नका, बदली मागा. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव ज्या वेगानं चढलेत, त्यात 2024 च्या किमतीचा परतावा हाती पडला तर त्यात तेवढी रॅम येणारच नाही. कायद्यानं दोन्ही उपाय दिलेत. तुम्ही काय मागता त्यावर काय मिळेल ते ठरतं. बोर्डाबाबतही ‘तोच किंवा समकक्ष नवा बोर्ड’ असंच लिहा, कारण ते मॉडेल आता बाजारात असेलच असं नाही.

तुम्ही धंद्यासाठी कॉम्प्युटर वापरता, म्हणून ग्राहक नाही, हा आक्षेप येणारच. लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उदाहरण दिलं ते टाइपरायटरचं : पैसे घेऊन लोकांचं टायपिंग करणारा स्वतः त्यावर बसून पोट भरत असेल तर तो ग्राहकच. तुमचं एडिटिंग याहून वेगळं नाही. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी, स्वतः वापरण्यासाठी’ हे शब्द यायला हवेत. हाताखाली पगारी मुलं असतील तर तेही कळवा, मग थोडं वेगळं मांडावं लागेल.

दुकान पुण्यात असलं तरी तुम्हाला पुण्याला खेटे घालायचे नाहीत. कलम 34 नुसार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. दुकानदार आणि बोर्ड कंपनी दोघांनाही पक्षकार करा. दुकानदार ‘मी नुसता विक्रेता’ म्हणेल. पण दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणाराही या कायद्याच्या व्याख्येत उत्पादक आहे. हा मुद्दा असेंबल्ड मशीनच्या तक्रारींत लोक मांडतच नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. मुदत वाद उद्भवल्यापासून 2 वर्षं. बोर्ड नाकारल्यापासून ती मोजता येईल, तरी खरेदीला 2 वर्षं व्हायच्या आत, म्हणजे ऑगस्ट 2026 पूर्वी दाखल केलीत तर त्यावर कुणाला बोलायलाच जागा राहणार नाही.

त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दोघांना स्पीड पोस्टानं 15 दिवसांची नोटीस द्या. नोटीस कायद्यानं बंधनकारक नाही, पण मोठ्या कंपन्या पुष्कळदा इथंच बदली देऊन मोकळ्या होतात. व्हॉट्सॲपचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन विकू नका, आणि छापील प्रतींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. दुकानदारानं एसएसडीतला डेटा पाहिला किंवा उतरवून घेतला असा काही पुरावा नसताना आयटी कायद्याची कलमं नोटिशीत पेरू नका. तक्रारीचं वजन त्यानं कमी होतं.

नुकसानभरपाईची रक्कम लिहिताना हात आखडता ठेवा. रद्द झालेल्या ऑर्डरचे मेसेज, परत केलेला ॲडव्हान्स, भाड्यानं घेतलेल्या मशीनची पावती, जेवढं दाखवता येईल तेवढंच. मानसिक त्रासापोटी 5 लाख मागणाऱ्या तक्रारीत 5 हजार मिळालेले मी पाहिलेत. कायदा निकालाला 3 महिने म्हणतो, तपासणी असेल तर 5. प्रत्यक्षात जास्त लागतात. तोवर काम थांबवू नका. दुसरीकडून पक्क्या बिलावर बोर्ड घ्या आणि ती किंमत पर्यायी मागणी म्हणून तक्रारीत घाला. जुना बोर्ड सॉकेटवर त्याचं प्लॅस्टिकचं झाकण लावून, मूळ खोक्यात, तारीख टाकून सीलबंद ठेवा. झाकण सापडत नसेल तर दुकानदाराकडून आजच मागून घ्या, कारण त्याशिवाय बोर्ड पाठवला तर वाटेत पिना वाकल्या असं म्हणायला त्याला आयती संधी मिळेल.