बिहारच्या कुटुंबाला जालन्यात सरकारी दवाखान्याची योजना मिळते का? आधी आधारचा पत्ता बदलावा लागतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: एमआयडीसीजवळ तुमच्या शेजारी बिहारचं जोडपं भाड्यानं राहतं. नवरा सळईच्या कारखान्यात, बायकोला सातवा महिना, एक तीन वर्षांचं लेकरू. आधार आणि रेशनकार्ड दोन्ही तिकडचं. इथं काही मिळेल का, की आधी पत्ता बदलून घ्यावा?

पत्त्याच्या मागे लागू नका. काम पत्त्यावर अडत नाही, मोबाइल नंबरावर अडतं.

जालन्यात माझं ऑनलाइन कामांचं छोटं केंद्र आहे. सुट्टीच्या दिवशी मिलमधली पोरं येतात. परवा असाच एक जण आयुष्मान कार्ड, म्हणजे केंद्राच्या फुकट उपचारांच्या योजनेचं कार्ड, काढायला आला. अंगठा तीनदा ठेवला, मशीननं तीनदा नाकारला. रोलिंग मिलमध्ये राबून बोटांच्या रेषाच घासल्या गेल्यात. म्हटलं, ओटीपीनं करू. तर आधारला जोडलेला नंबर कुणाकडे? "वो तो भैया के पास है, गाँव में." भैयाला फोन लावला तर भैया शेतात आणि फोन घरी. वहिनीनं आकडे वाचून दाखवेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवून काम झालं, पण नेटवर्कनं साथ दिली म्हणून. म्हणून पहिल्यांदा दोघांना आधार केंद्रावर न्या आणि इथला चालू नंबर जोडून घ्या. केंद्रावर त्याला कागद लागत नाही, माणूस मात्र समोर लागतो.

बाळंतपणासाठी यातल्या कुठल्याच कार्डाची वाट बघायची नाही. बाईला याच आठवड्यात जिल्हा स्त्री रुग्णालयात घेऊन जा आणि नाव नोंदवा. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझेरियन झालं तरी फुकट. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं त्यात येतं. तान्हं लेकरू आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत तेही त्यातच बसतं. तू कुठल्या राज्याची, हा प्रश्न त्यात येत नाही. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तर 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. संभाजीनगरचं घाटी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना, मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतो, तिथं थोडंफार शुल्क लागू शकतं. ती बाळंतपणाला गावी जाणार असेल तरी इथली तपासणी आणि माता-बाल संरक्षण कार्ड होऊ द्या. कार्ड सोबत नेलं की तिकडच्या डॉक्टरला इथलं रक्त, बीपी, सोनोग्राफी सगळं कळतं.

आता मोठ्या आजाराचं. आपल्या राज्याची फुकट उपचारांची महात्मा फुले योजना महाराष्ट्राच्या लोकांसाठी आहे, म्हणजे इथलं रेशनकार्ड किंवा रहिवासी दाखला हवा. त्यात ते आज बसत नाहीत. पण आयुष्मान भारत 2018 पासून देशभर चालते. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, आणि बिहारच्या यादीत नाव असलं तरी योजनेतल्या इथल्या दवाखान्यात चालतं. चूक होते ती कार्ड काढताना. केंद्रवाला सवयीनं राज्य 'महाराष्ट्र' निवडतो, नाव शोधतो आणि "यादीत नाही" म्हणून परत पाठवतो. राज्य बिहार आणि जिल्हा त्यांचा निवडायला सांगा. रेशनकार्डाचा नंबर घालूनही बघा. दुसरी भानगड नवीन सुनेची. मूळ यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरची, त्यानंतर लग्न होऊन आलेली बाई त्यात कुठून असणार? घरातल्या एकाचं कार्ड निघालं की तिचं नाव वाढवता येतं. मात्र माहेरच्या कागदावर 'कुमारी' आणि आधारवर 'देवी' असेल तर तेवढ्यावरून अर्ज लटकतो. आधी सगळ्या कागदांवर नाव एक करून घ्या.

आणि हे कार्ड भरती झाल्यावरच कामाला येतं. सर्दी-तापाच्या गोळ्या त्यात नाहीत, हे त्यांना नीट सांगा, नाहीतर मेडिकलवाल्याशी भांडण व्हायचं.

एकदा एका माणसाला घेऊन मी खासगी दवाखान्यात गेलो. योजनेची पाटी दारावरच होती, तरी काउंटरवरचा म्हणाला, "बाहेरच्या राज्याचं कार्ड इथं चालत नाही, वीस हजार भरा." त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्धा तास घालवला, तो माझा मूर्खपणा. शेवटी आरोग्यमित्राचं, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल शोधलं आणि तिथंच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, 14555 ला, फोन लावला. संध्याकाळपर्यंत मंजुरीचे कागद वर गेले. तेव्हापासून मी थेट आरोग्यमित्रालाच गाठतो. त्या आजाराचा विभाग तिथं योजनेत आहे का, एवढंच आधी विचारायचं.

नवऱ्याला एक विचारा, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे पैसे, कापतात का? पगार महिन्याला 21,000 पर्यंत असेल आणि कारखाना त्यात येत असेल, तर त्याचा हिस्सा 0.75 टक्के, मालकाचा 3.25. कापत असतील तर त्याचा विमा नंबर निघालेला असणार. ठेकेदाराकडून तो लिहून घ्या. त्यात बायको-लेकरांचा साधा औषधोपचारही होतो, म्हणजे गोळ्यांचा वरचा प्रश्न तिथं सुटतो. ठेकेदार "बघू, देतो" म्हणत टोलवेल. तगादा लावावा लागतो.

रेशनचं सोपं आहे. कार्ड अन्नसुरक्षेचं असेल तर त्याच नंबरावर जालन्याच्या दुकानात धान्य उचलता येतं. गावी आई-बाप असतील तर त्यांनी त्यांचा वाटा तिकडं घ्यायचा, यांनी इथं. कुणी "तिकडचं नाव कमी करून आणा, मग इथलं कार्ड काढून देतो" म्हणालं तर घाई करू देऊ नका. तिकडचं नाव गेलं आणि इथलं कार्ड लटकलं, असं होऊन बसलेली दोन घरं माझ्याच गल्लीत आहेत.

तीन वर्षांच्या लेकराला अंगणवाडीत घाला, आईचा पोषण आहारही तिथंच मिळेल. सेविकाबाईंना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. भाषेमुळं ती माणसं दारातूनच परत फिरतात. तिकडच्या अंगणवाडीत नाव असेल तर ते इकडं वळवून घ्यायची सोय त्यांच्या मोबाइलवर असते. लेकराचं तिकडचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. फाटलेलं असलं तरी चालेल, तारखा वाचता आल्या म्हणजे झालं.